भिंतीवरचं पडकं मंदिर

आजचे वाचन : हाग्गय, अध्याय १ संपूर्ण आणि अध्याय २, वचने १ ते ९



हाग्गयचं पुस्तक दोनच अध्यायांचं आहे. चहा गार होण्याआधी वाचून होतं. पण त्यातला एक प्रश्न असा आहे की तो वाचल्यावर आपोआप आपल्या घराच्या भिंतींकडे नजर जाते. देवाचं मंदिर मोडून पडलंय आणि तुम्ही मात्र लाकडी तक्तपोशी केलेल्या घरांत निवांत राहताय, हे योग्य आहे का, असं संदेष्टा लोकांना विचारतो. एका बाजूला सजवलेलं घर, दुसऱ्या बाजूला मोडकं मंदिर. पण मोडकं मंदिर हीच घराची सजावट असेल तर?

प्रश्न हवेतला नाही. मध्यंतरी एका ताईने मेसेज केला. नवं लग्न, भाड्याचा फ्लॅट, हॉलची एक भिंत रिकामी. मुंबईच्या चोर बाजारातून तिने एक जुनं, फ्रेम केलेलं प्रिंट आणलं : इंग्लंडकडच्या कुठल्याशा मध्ययुगीन मठाचे अवशेष, उंच कमानी, वर आभाळ, भिंतींवर चढलेल्या वेली. नवऱ्याला ते फार आवडलं. सासूबाई म्हणाल्या, "पडक्या वास्तूचं चित्र घरात लावू नये, आणि हे तर देवाचं घर." तिने विचारलं, "दादा, लावू की नको?"

तिने फोटो पाठवला होता. खाली बारीक अक्षरात नाव होतं, टिंटर्न ॲबी. हे नाव बघून मी खुर्चीत नीट सावरून बसलो, कारण अशा जुन्या प्रिंट्समध्ये ज्या मोजक्या वास्तू पुन्हा पुन्हा दिसतात त्यांतली ही एक. हिची गोष्ट हाग्गयच्या शेजारी ठेवून वाचली तर आपल्याला बरंच काही शिकता येतं.

आधी ते काय होतं

टिंटर्न ॲबी वेल्समध्ये, वाय नदीच्या काठी आहे. ११३१ मध्ये तिथे सिस्टर्शियन पंथाचा मठ स्थापन झाला. हा पंथ १०९८ मध्ये फ्रान्समधल्या सितो या जागी सुरू झाला होता. न रंगवलेल्या लोकरीची वस्त्रं घालायचे म्हणून त्यांना पांढरे मठवासी म्हणत. त्यांचा दिवस मध्यरात्रीनंतरच्या प्रार्थनेने सुरू व्हायचा, आणि मग दिवसभरात ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा सगळे चर्चमध्ये जमायचे. मधल्या वेळात वाचन आणि अंगमेहनत. आज जे मोठं चर्च चित्रात दिसतं ते नंतरचं. त्याचं बांधकाम १२६९ मध्ये सुरू झालं आणि १३०१ मध्ये त्याचं समर्पण झालं. म्हणजे तीसेक वर्षं. ज्यांनी पहिला दगड बसवला त्यांच्यापैकी कित्येकांनी पूर्ण झालेलं चर्च बघितलंही नसेल.

एक गोष्ट खास लक्षात ठेवा. सिस्टर्शियन लोकांना सजावटीचं वावडं होतं. त्यांच्या सुरुवातीच्या नियमांत चर्चमध्ये कोरीव मूर्ती आणि चित्रं नकोत असं होतं. क्रूस हवा, तर तो लाकडाचा. डोळे सुंदर वस्तूंत अडकले की मन देवापर्यंत पोहोचत नाही, अशी त्यांची काळजी. आणि आज त्यांचंच चर्च जगभरातल्या दिवाणखान्यांत सजावटीची वस्तू म्हणून लटकलेलं आहे. हसू येतं, आणि जरा वाईटही वाटतं.

छप्पर कसं गेलं

पुष्कळांना वाटतं की हे चर्च काळाने पडलं. असं नाही. १५३६ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात कायदा झाला की ज्या मठांचं वार्षिक उत्पन्न २०० पौंडांपेक्षा कमी आहे ते बंद करून त्यांची मालमत्ता राजाकडे घ्यायची. टिंटर्नचं उत्पन्न १९२ पौंड भरलं. ३ सप्टेंबर १५३६ या दिवशी मठाधिपतीने मठ राजाच्या अधिकाऱ्यांच्या हाती दिला. चारशे वर्षांची रोजची प्रार्थना त्या दिवशी थांबली. मौल्यवान वस्तू राजाच्या खजिन्यात गेल्या, जमीन एका मोठ्या सरदाराला मिळाली. पुढे छपरावरचं शिसं काढून घेतलं गेलं, कारण शिशाला बाजारात भाव होता.

शिसं गेलं की लाकडात पाणी शिरतं, लाकूड कुजलं की छप्पर खाली येतं, आणि छप्पर आलं की भिंती उघड्या पडतात. आपल्याकडे कोकणात कौलं काढलेलं घर चार पावसाळ्यांत काय होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. १५४० पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ८०० मठ असेच बंद झाले. काही ठिकाणी मठांतही गैरप्रकार होते, हे खरं आहे. पण छपराच्या शिशाचा हिशोब झाला तो पैशासाठी.

पडकं सुंदर कसं झालं

पुढची दोनशे वर्षं या अवशेषांकडे फारसं कुणी बघितलं नाही. मग अठराव्या शतकात हवा बदलली. विल्यम गिल्पिन नावाच्या एका धर्मगुरूने १७७० मध्ये वाय नदीतून बोटीने प्रवास केला आणि १७८२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. निसर्ग चित्रासारखा कसा बघायचा, हे त्याने लोकांना शिकवलं. रॉसपासून चेपस्टोपर्यंत दोन दिवसांची बोटीची सहल ही फॅशन झाली. पुढे फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर युरोपात फिरणं अवघड झालं, तेव्हा तर इंग्लिश लोकांची इथे रीघ लागली. टर्नर हा चित्रकार अगदी तरुण वयात इथे येऊन गेला. वर्ड्सवर्थच्या १७९८ च्या प्रसिद्ध कवितेच्या शीर्षकात या ॲबीचं नाव आहे. गंमत म्हणजे कवितेत ॲबी कुठेच नाही!

प्रवासी आले की आठवणीची वस्तू हवीच. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, शाई भरायची, ओल्या कागदावर दाबून छापायचं. १८२० च्या दशकापासून तांब्याऐवजी पोलाद आलं. पोलादाचा पत्रा लवकर झिजत नाही, म्हणून हजारो प्रती निघू लागल्या आणि मध्यमवर्गीय घरांतही हे अवशेष भिंतीवर पोहोचले.

आता गिल्पिनचं एक मत ऐका. टिंटर्नच्या त्रिकोणी भिंती त्याला फार सरळ, फार नीटनेटक्या वाटल्या. त्याने लिहिलं की कुणी मोगरी घेऊन त्या जरा हुशारीने फोडल्या तर बरं होईल. विचार करा. एक धर्मगुरू, आणि त्याला प्रार्थनेचं घर अजून थोडं मोडलेलं हवंय, कारण ते चित्रात जास्त छान दिसेल!

मी हे त्याला नावं ठेवायला सांगत नाही. ही ओढ आपल्यातही आहे. माझ्या घरीही अशाच जातीचं एक जुनं प्रिंट आहे. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेला आणि हळूहळू त्याचं चर्चला जाणं सुटलं. घरी आला की तो त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहतो. एकदा म्हणाला, "मला हे चर्च सगळ्यांत आवडतं. कमिटी नाही, भांडणं नाहीत, कुणी विचारत नाही की गेल्या रविवारी का नाही आलास." मी हसलो, पण त्याचं बोलणं मनात राहिलं. त्याला देव नकोय असं नाही. माणसांनी दमवलंय त्याला. आणि पडक्या चर्चमध्ये माणसं नसतात, म्हणून ते शांत वाटतं. तुमच्यापैकी किती जणांची हीच गोष्ट आहे, हे तुमच्या मेसेजेसवरून मला माहीत आहे.

चित्रात जी दिसत नाही

पण ते चर्च खरंच रिकामं होतं का? त्याच गिल्पिनने, त्याच पुस्तकात, आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. त्या अवशेषांत गरीब लोक राहत होते. पडक्या भिंतींच्या आडोशाने झोपड्या, आणि आलेल्या प्रवाशांकडे भीक. एक बाई पुढे आली. मठवाशांचं ग्रंथालय दाखवते म्हणाली. तिला धड चालताही येत नव्हतं, दोन काठ्यांच्या आधाराने ती कशीबशी सरकत गेली. जिथे नेलं ती जागा म्हणजे ओलीचिंब, पडकी खोली. ती तिचं स्वतःचं घर होतं. ग्रंथालय हे निमित्त होतं. तिला खरं तर स्वतःचे हाल कुणाला तरी सांगायचे होते.

जुन्या प्रिंट्समध्ये कमानी असतात, वेली असतात, छान टोपी घातलेले एखाद-दोन प्रवासी असतात. ही बाई मात्र फ्रेममध्ये बसत नाही. आणि तिथून जवळच लोखंडाचे कारखाने चालू होते, त्यांचाही धूर बहुतेक चित्रांत येत नाही.

ज्या मठांत एके काळी दारावर आलेल्या गरिबाला भाकरी द्यायची रीत होती, तिथे आता गरीब माणूस दृश्यातला अडथळा झाला होता. मला वाटतं, मंदिर खऱ्या अर्थाने मोडतं ते इथे. माझ्या भावाला मी हेच सांगितलं, की तुला माणसं नसलेलं चर्च हवंय, पण तिथेही एक माणूस आहे, फक्त चित्रकाराने तिला वगळलंय.

हाग्गय नेमकं काय म्हणतो

आता वचनाकडे येऊ. इ.स.पू. ५८६ मध्ये नबुखद्नेस्सराच्या सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं. पुढे कोरेश राजाने बंदिवानांना परत जायला परवानगी दिली. लोक आले, पाया घातला, विरोध झाला, काम थांबलं. आणि मग थांबलेलंच राहिलं. इ.स.पू. ५२० मध्ये, दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, सहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी हाग्गय बोलायला उभा राहिला. म्हणजे मधे पंधरा-सोळा वर्षं गेली होती.

लोक काय म्हणत होते बघा. मंदिर बांधायचं नाही असं कुणीच म्हणत नव्हतं. फक्त अजून वेळ आलेली नाही म्हणत होते. आपणही तेच म्हणतो ना? प्रमोशन झालं की, ईएमआय जरा कमी झाला की, बाळ थोडं मोठं झालं की पुन्हा रोज बायबल वाचेन, पुन्हा कौटुंबिक प्रार्थना सुरू करू. रोज त्या ढिगाऱ्याशेजारून जाता जाता डोळ्यांना त्याची सवय होते. आणि सवय झाली की एक दिवस तो ढिगारा बरा दिसायला लागतो. "आमच्या आजीच्या वेळी घरात रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची हं," असं आपण किती प्रेमाने सांगतो! आठवण फ्रेममध्ये, आणि संध्याकाळ मोबाईलमध्ये.

हाग्गय त्यांच्या घरांना पाडा म्हणत नाही, हेही नीट वाचा. लाकूडकाम केलेलं घर असणं हे पाप नाही. तो एवढंच दाखवतो की पेरणी भरपूर आणि पीक थोडं, कमाई होते आणि टिकत नाही, खाल्लं तरी पोट भरत नाही. सगळं असूनही पुरत नाही, ही तक्रार आपल्या पिढीला समजावून सांगायची गरज नाही. मग तो साधं काम सांगतो : डोंगरावर जा, लाकूड आणा, बांधायला लागा. जरुब्बाबेल आणि यहोशवा यांनी आणि सगळ्या लोकांनी ऐकलं. त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी काम सुरू झालं. पंधरा-सोळा वर्षं अडलेलं काम तेवीस दिवसांत हललं!

दुसऱ्या अध्यायात तो म्हाताऱ्या लोकांना हाक मारतो. पहिल्या मंदिराचं वैभव ज्यांनी बघितलं होतं, त्यांना नवं काम अगदीच किरकोळ वाटत होतं. हिशोब करा : मंदिर जळून ६६ वर्षं झाली होती, म्हणजे हे लोक सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या अश्रूंना देव नावं ठेवत नाही. पण तिथे थांबूही देत नाही. धीर धरा, काम करा, मी तुमच्याबरोबर आहे, असा त्याचा निरोप आहे. गेलेल्याचं दुःख करावं, पण हात रिकामे ठेवू नयेत.

आपल्याजवळचा एक बुरूज

जुन्या गोव्याला गेलात तर बॉम जेझूच्या चर्चजवळच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा मनोरा नक्की बघा. जांभ्या दगडाचा, सुमारे ४६ मीटर उंच, आणि एका अंगाने कोसळलेला. इथेही टिंटर्नसारखंच घडलं. सरकारने धार्मिक संघ बंद केले, १८३५ मध्ये मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चची कमानदार छत कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. पण त्याची मोठी घंटा आधीच तिथून हलवली होती. ती आज पणजीच्या चर्चमध्ये आहे, पायऱ्यांचं ते पांढरं चर्च, तुम्ही सिनेमात बघितलेलं. तिथे ती वाजते. मनोऱ्यासमोर आपण सेल्फी काढतो. ज्या दिवशी पणजीत ती घंटा ऐकून आत जाऊन बसू, त्या दिवशी आपली सहल पूर्ण झाली असं मी म्हणेन.

मग लावायचं की नाही?

लावा. पडक्या वास्तूच्या चित्राने घराला काही होत नाही. आपलं घर राखणारा प्रभू आहे, त्याला एका कागदाची भीती नाही. पण सासूबाईंच्या बोलण्याला हसूही नका. त्यांना जे खटकलं ते खोटं नाही. देवाचं घर मोडलेलं बघून मनात काहीच न हलणं, हे जास्त काळजीचं. त्यांना शेजारी बसवून टिंटर्नची गोष्ट सांगा.

लावताना थोडी व्यवहाराची काळजी घ्या. भिंगातून बघा : रेषा सलग असतील आणि चित्राभोवती पत्र्याचा दाबलेला चौकोन कागदावर उमटलेला असेल, तर ते जुन्या पद्धतीने छापलेलं असण्याची शक्यता मोठी. सगळीकडे रंगाचे बारीक ठिपके दिसले तर आजची नक्कल. नक्कल असली तरी बिघडत नाही, फक्त जुन्याचे पैसे देऊ नका. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, दमटपणाने कागदावर तपकिरी डाग पडतात. थेट ऊन नको. काच कागदाला चिकटू देऊ नका, मधे ॲसिड नसलेल्या जाड कागदाची चौकट घालून घ्या.

आणि एक माझी विनंती. ते चित्र अशा जागी लावा जिथे तुम्ही प्रार्थनेला बसता. जागा नसेल तर जिथे चित्र आहे तिथे प्रार्थनेला बसा.

वेल आणि दगड

टिंटर्नची एक शेवटची माहिती. १९०१ मध्ये ही जागा सरकारने विकत घेतली आणि दुरुस्ती सुरू झाली. तेव्हा भिंतींवरची ती प्रसिद्ध आयव्हीची वेल काढावी लागली. चित्रांत तीच सगळ्यांत मोहक दिसायची, पण मुळं सांध्यांत घुसून दगड सैल करत होती. वेल काढल्यावर काहींना ते उघडंबोडकं वाटलं असेल, पण भिंती उभ्या राहिल्या. आपल्या भक्तीवरही अशा सुंदर वेली असतात : छान कोट्सच्या स्टोऱ्या, वर्शिपची प्लेलिस्ट, मेणबत्तीशेजारी उघड्या बायबलचा फोटो. वाईट काहीच नाही. पण खाली दगड शाबूत आहेत ना, हे अधूनमधून बघावं लागतं.

आणि जे टिंटर्नला थांबलं ते सगळीकडे थांबलं नाही. वेल्समधल्याच काल्डी बेटावर १९२९ पासून सिस्टर्शियन परंपरेचे मठवासी राहू लागले. आपल्या देशात केरळच्या वागमोणजवळ कुरिसुमला आश्रम १९५८ मध्ये सुरू झाला आणि १९९८ मध्ये याच परंपरेत सामील झाला. तिथले साधू भगवी वस्त्रं घालतात, गाई पाळतात आणि पहाटे उठून प्रार्थना करतात. हेन्रीने शिसं नेलं, दगड उघडे पाडले. प्रार्थना मात्र त्याच्या यादीत नव्हती, ती माणसांबरोबर चालत राहिली. पौलाने करिंथच्या मंडळीला हेच लिहिलं होतं, की देवाचं मंदिर तुम्हीच आहात.

आजसाठी तीन प्रश्न

१. माझ्या आयुष्यातली कोणती मोडकी गोष्ट मी आता आठवण म्हणून मिरवतो, पण दुरुस्त करायला घेत नाही?

२. माझ्या चर्चच्या चित्रात कोण बसत नाही? कुणाला मी फ्रेमबाहेर ठेवलंय?

३. पुढच्या तेवीस दिवसांत कोणतं एक लाकूड मी डोंगरावरून आणू शकतो? दहा मिनिटांची प्रार्थना, एक फोन, एक रविवार?

प्रार्थना

हे प्रभू, आम्हाला पडक्या भिंती बघायला आवडतात, कारण त्या आमच्याकडून काही मागत नाहीत. तू मात्र मागतोस, आणि देतोसही. जे चर्चपासून दमून दूर गेले आहेत त्यांना तू दूर समजत नाहीस. त्यांच्यासाठी आमच्या घराचं दार उघडं ठेवायला शिकव. पावसात ओल्या खोलीत बसलेल्या माणसाचं ऐकायला कान दे. आणि आमच्यातलं जे मोडलंय ते बांधायला आजच सुरुवात करून दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.